प्रस्तावना : सायबर संरक्षण आणि कबुलीची किंमत

राज्यसंस्थेच्या संरक्षणकार्याचा विचार सीमा, सैन्य आणि शस्त्र या तीन गोष्टी गृहीत धरून करण्याची सवय फार जुनी आहे, आणि संगणकीय जाळ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर पुढे आला तेव्हा त्याचीही पहिली मांडणी साहजिकच याच चौकटीत झाली. परंतु ही चौकट या विषयाला लवकरच अपुरी पडते. ज्या व्यवस्थांचे रक्षण करायचे त्यांपैकी बहुतेक, म्हणजे बँकांची व्यवहारकेंद्रे, वीजवहनाचे भारनियंत्रण, बंदरातील कंटेनरांच्या नोंदी, रुग्णालयांतील कागदपत्रे, सैन्याच्या ताब्यात नसतात. पुष्कळदा त्या सरकारच्याही मालकीच्या नसतात. हल्लेखोर कोणत्या भूमीवर बसला आहे हे दिसत नाही, आणि तो ज्या यंत्रांतून हल्ला चढवतो ती यंत्रे बहुधा तिसऱ्याच देशातील निरपराध माणसांची असतात. शिवाय हल्ला झाल्याचे प्रथम ज्याच्या लक्षात येते तो एखाद्या कंपनीच्या संगणक विभागातील रात्रपाळीचा तंत्रज्ञ असतो, आणि त्याच्या वरिष्ठांची पहिली प्रतिक्रिया, मग देश कोणताही असो, बहुधा एकच असते : गोष्ट बाहेर जाऊ नये.

प्रस्तुत ग्रंथाची मांडणी या शेवटच्या मुद्द्यापासून सुरू होते. राष्ट्रीय सायबर संरक्षण म्हणजे देशाचे सार्वजनिक जीवन ज्या संगणकीय यंत्रणांवर चालते त्या यंत्रणांवरील आघात रोखणे, झालेला आघात मर्यादित ठेवणे आणि यंत्रणा पुन्हा उभी करणे, अशी व्याख्या केली, तर या तिन्ही कामांना एकच कच्चा माल लागतो, आणि तो म्हणजे वेळेत मिळालेली खरी माहिती. ही माहिती ज्याच्याकडे असते त्याला ती देण्यात तोटाच दिसतो : बँकेला ठेवीदार बिथरण्याची धास्ती, कंपनीला समभाग कोसळण्याची, मंत्रालयाला विरोधकांची आणि गुप्तचर संस्थेला आपले साधन उघडे पडण्याची. म्हणून सायबर संरक्षणाचा इतिहास तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून जितका वाचता येतो, तितकाच तो लपवण्याची सवय मोडण्याच्या अर्धवट यशस्वी प्रयत्नांचा इतिहास म्हणूनही वाचता येतो, आणि दुसरे वाचन अधिक उपयोगी आहे असे येथे प्रतिपादन केलेले आहे.

या प्रयत्नांची सुरुवात १९८८ मध्ये धरण्याचा प्रघात आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘मॉरिस वर्म’ हा स्वतःच्या प्रती करत यंत्रामागून यंत्रात शिरणारा आज्ञासंच त्या काळच्या छोट्याशा इंटरनेटवर पसरला, आणि दुरुस्ती ठाऊक असलेल्या माणसाला ती इतरांपर्यंत पोहोचवण्याचा खात्रीचा मार्गच नाही, ही उणीव त्यातून उघडी पडली. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले संगणक-आपत्काल प्रतिसाद पथक स्थापन झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून अशा पथकांना ‘सर्ट’ म्हणतात, आणि आज बहुतेक देशांत एक तरी राष्ट्रीय सर्ट असते. भारताचे ‘सर्ट-इन’ २००४ पासून कार्यरत आहे. सर्टला पोलिसांचे अधिकार नसतात आणि सैन्याची शस्त्रेही नसतात. तक्रार ऐकणे, ती तपासणे, धोक्याची सूचना देणे आणि परदेशातील समकक्ष पथकाला तुमच्याकडील अमुक यंत्रे आमच्यावर मारा करत आहेत, ती बंद करा, असे कळवणे हे त्याचे काम. वरकरणी हे कारकुनी काम वाटते. ते किती निर्णायक ठरू शकते हे एस्टोनियाच्या उदाहरणावरून कळते, आणि या ग्रंथात त्या देशाला त्याच्या आकाराच्या मानाने बरीच अधिक जागा मिळाली आहे ती त्यामुळेच.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश, लोकसंख्या सुमारे १३ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील नाशिक शहराहूनही कमी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून मुक्त झाल्यावर जुनी प्रशासकीय यंत्रणा टाकून देण्याची संधी त्याला मिळाली, आणि त्याने कागदाऐवजी संगणकीय जाळ्यावर राज्यकारभार उभा केला. २००७ च्या मार्चमध्ये तेथील संसदेच्या निवडणुकीत मतदारांना इंटरनेटवरून मत देण्याची सोय होती. राष्ट्रीय संसदेसाठी असे मतदान जगात प्रथमच होत होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिलच्या अखेरीस, राजधानी ताल्लिनच्या मध्यभागी असलेला सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा लष्करी दफनभूमीत हलवण्यात आला. रशियन भाषिक नागरिकांच्या दृष्टीने तो फॅसिझमवरील विजयाचे स्मारक होता, तर बहुसंख्य एस्टोनियनांच्या दृष्टीने परकीय सत्तेचे. रस्त्यांवर दंगल झाली, आणि तिच्याबरोबरच संगणकांवर मारा सुरू झाला.

हा मारा तांत्रिकदृष्ट्या फार प्रगत नव्हता. ज्याला ‘डीडॉस’ म्हणतात तो सेवारोधी हल्ला हे त्याचे मुख्य रूप होते : अनेक यंत्रांवरून एकाच संकेतस्थळाकडे एकाच वेळी इतक्या मागण्या पाठवायच्या की खऱ्या ग्राहकाला उत्तर देण्यास त्याला उसंतच मिळू नये. काही मागण्या हौशी लोक स्वतः पाठवत होते, कारण त्यासाठी लागणाऱ्या तयार आज्ञा रशियन भाषेतील चर्चास्थळांवर वाटल्या जात होत्या. उरलेल्या ‘बॉटनेट’मधून, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या हजारो यंत्रांच्या टोळ्यांमधून, येत होत्या. संसद, मंत्रालये, वृत्तपत्रे आणि मोठ्या बँका यांची स्थळे सुमारे तीन आठवडे कमीअधिक प्रमाणात कोलमडत राहिली. बँकांनी आणि वृत्तपत्रांनी परदेशातून येणारी सर्व वाहतूक काही काळ तोडली. त्यामुळे देशातील व्यवहार चालू राहिले, पण परदेशी असलेल्या एस्टोनियनाला आपल्याच खात्यापर्यंत पोहोचता येईना आणि जगाला एस्टोनियात काय चालले आहे हे तेथील वृत्तपत्रांतून वाचता येईना.

येथे एक योगायोग कामी आला, आणि त्याची नोंद विस्ताराने घ्यायला हवी. युरोपातील इंटरनेट चालवणाऱ्या तांत्रिक मंडळींची ‘राइप’ ही संघटना आहे आणि तिची बैठक त्याच मे महिन्यात, आधीच ठरल्याप्रमाणे, ताल्लिनमध्ये भरली होती. एस्टोनियाचे राष्ट्रीय पथक जेमतेम वर्षभरापूर्वी स्थापन झाले होते. परदेशातील इंटरनेट कंपन्यांना त्याची नीट ओळख नव्हती. एखाद्या अनोळखी पथकाने पहाटे तीन वाजता फोन करून तुमच्या जाळ्यातील अमुक पत्ते बंद करा असे सांगितले, तर ते ऐकायचे का, हा कंपनीपुढचा प्रश्न रास्तच असतो, कारण असा फोन स्वतःच एक फसवणूक असू शकतो. जगभरच्या जाळ्यांच्या चालकांचा ज्यांच्यावर अनेक वर्षांचा विश्वास होता अशी माणसे त्या बैठकीच्या निमित्ताने शहरात हजर होती. त्यांनी एस्टोनियाच्या पथकाची हमी घेतली, आणि मग हल्ल्याचे प्रवाह उगमापाशी बंद होऊ लागले. ज्याला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात त्याचा मूळ ऐवज हा असतो. करारनामे नंतर येतात, आणि या ओळखीवाचून ते पोकळ राहतात.

करारनाम्यांचा अनुभव तर त्याच प्रकरणात निराशाजनक ठरला. एस्टोनियाने रशियाकडे उभयपक्षी विधी-साहाय्य कराराखाली तपासात मदत मागितली. अशी चौकशी करारात बसत नाही, असे उत्तर आले. शेवटी शिक्षा झाली ती एस्टोनियातीलच एका विद्यार्थ्याला, आणि तीही दंडाची. हल्ल्यामागे रशियन राज्यसंस्था होती की केवळ तिची अनुमती होती की तिला अनुकूल असलेल्या जमावाचा तो उद्योग होता, हे न्यायालयात टिकेल अशा पुराव्याने कधीच सिद्ध झाले नाही. नाटो करारातील पाचवे कलम, ज्यानुसार एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जातो, ते लावण्याचा प्रश्न चर्चिला गेला आणि बाजूला ठेवला गेला. सायबर हल्ल्यानेही हे कलम लागू होऊ शकते, एवढे मान्य करायला नाटोला २०१४ उजाडावे लागले. त्याआधी २००८ मध्ये नाटोशी संलग्न असे सायबर संरक्षणाचे अभ्यासकेंद्र ताल्लिनमध्येच स्थापन झाले होते आणि त्याच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय विधिज्ञांनी ‘ताल्लिन मॅन्युअल’ हा ग्रंथ सिद्ध केला. युद्धाचे प्रचलित कायदे संगणकीय आघातांना कसे लागू होतात याचे विवेचन करणारी त्याची पहिली आवृत्ती २०१३ ची, आणि शांततेच्या काळातील वर्तनालाही कवेत घेणारी दुसरी २०१७ ची. तो कोणावरही बंधनकारक नाही. तरीही परराष्ट्र खात्यांचे विधी सल्लागार वाद घालताना प्रथम तोच उघडतात, आणि बंधनकारक नसलेल्या पुस्तकाला याहून मोठे यश मिळणे कठीण.

हल्ला कोणी केला हे ठरवण्याचा प्रश्न भारताला, आणि विशेषतः महाराष्ट्राला, १२ ऑक्टोबर २०२० रोजी भेडसावला. त्या दिवशी सकाळी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढील वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकन कंपनीने भारतीय वीजक्षेत्रात चीनशी संबंधित गटाने घुसखोरी केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मुंबईच्या घटनेशी थेट संबंध सिद्ध केलेला नव्हता. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले आणि भारप्रेषण केंद्रांपर्यंत घुसखोरीचे प्रयत्न झाले असले तरी यंत्रणा त्यापासून बाधित झाली नाही असा खुलासा केला. दोन सरकारे, एकच घटना आणि दोन निष्कर्ष. यांपैकी कोणता खरा, यापेक्षा ग्रंथाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की नागरिकाला निवाडा करता येईल असा सविस्तर तांत्रिक अहवाल सार्वजनिक चर्चेत आलाच नाही, आणि त्यामुळे ज्याचा जो राजकीय कल त्याने तो निष्कर्ष उचलला.

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचा अनुभव निराळा आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक आज्ञासंच सोडण्यात आला. तेथील कंपन्या कर भरण्यासाठी जी हिशेबाची प्रणाली सर्रास वापरत तिच्या नियमित अद्ययावतीकरणातून तो शिरला. म्हणजे सुरक्षिततेसाठी ‘अपडेट करत जा’ हा जो सल्ला दिला जातो, तो पाळणारेच आधी सापडले. दिसायला तो खंडणीखोर होता, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची व्यवस्थाच त्यात नव्हती. युक्रेनमध्ये कचेरी असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या जाळ्यांतून तो काही तासांत जगभर पसरला. त्यांत डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क होती, आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनल हे त्याच्या तडाख्यात सापडलेल्या ठिकाणांपैकी एक. ज्या भांडणाशी रायगड जिल्ह्याचा काडीचाही संबंध नव्हता, त्यापायी तेथील संगणकीय कामकाज ठप्प झाले आणि कंटेनरांची वाहतूक रखडली. मर्स्कने मात्र घाव लपवला नाही : हल्ला त्याच दिवशी जाहीर केला, नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर धरले, आणि पुढच्या जानेवारीत कंपनीच्या अध्यक्षांनी दाव्होसच्या व्यासपीठावर दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागल्याचे सांगितले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व इतर काही देशांनी या हल्ल्याची जबाबदारी एकत्रितपणे रशियाच्या लष्करावर ठेवली. रशियाने ती नाकारली. या जाहीर आरोपाने कोणी तुरुंगात गेले नाही, पण अनेक देशांनी एकाच वेळी एकच निष्कर्ष सांगण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील ऑगस्ट २०१८ च्या दरोड्यात ही आंतरराष्ट्रीय गुंतागुंत गुन्हेगारी बाजूने दिसते. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर पैसे द्यावेत की नाही, हे बँकेची मुख्य प्रणाली ठरवते, आणि यंत्र व प्रणाली यांच्यामधील निरोप्याचे काम ‘स्विच’ करतो. हल्लेखोरांनी या जागी आपला खोटा स्विच बसवला. बनावट कार्डांवरील प्रत्येक मागणीला तोच परस्पर होकार देऊ लागला आणि बँकेच्या मुख्य प्रणालीला त्याचा पत्ता लागला नाही. ११ ऑगस्टच्या शनिवारी २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, देशांतर्गत, कोल्हापूरसारख्या शहरांतही, आणखी सुमारे अडीच कोटी. आणि १३ तारखेला बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगमधील एका खात्यावर गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने हा दरोडा पुढे उत्तर कोरियाच्या कारवायांत गणला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा आरोपींना दोषी ठरवले, ते मात्र देशातील एटीएमसमोर उभे राहून नोटा मोजणारे होते.

अशा तपासासाठी आवश्यक असलेला आंतरराष्ट्रीय कायदा अजून घडणीतच आहे. युरोप परिषदेचा २००१ चा बुडापेस्ट करार हा सायबर गुन्ह्यांवरील पहिला बहुराष्ट्रीय करार. त्याखाली सदस्य देश एकमेकांना पुरावा तातडीने गोठवून ठेवण्यास सांगू शकतात. सर्व्हरवरील नोंदी काही दिवसांत पुसल्या जात असल्याने ही तरतूद फार मोलाची आहे. भारत त्यात सामील झाला नाही : मसुदा ठरताना भारताला स्थान नव्हते, आणि काही परिस्थितींत परदेशी तपास यंत्रणेला स्थानिक सरकारला न विचारता माहितीपर्यंत पोहोचता येते, ही तरतूद सार्वभौमत्वाला बाधक मानली गेली. हा आक्षेप निराधार नाही, पण त्याची किंमत आहे, आणि ती २८ देशांत विखुरलेल्या तपासासारख्या कामात चुकवावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्ह्यांविरुद्धचा नवा करार संमत केला आणि पुढील ऑक्टोबरात हनोई येथे साठहून अधिक देशांनी त्यावर सह्या केल्या. या करारामुळे हुकूमशाही सरकारांना टीकाकारांची माहिती परदेशांतून मागवण्याचे कायदेशीर साधन मिळेल, अशी शंका मानवी हक्क संघटना घेतात. करारातील संरक्षक तरतुदी वाचता ती झटकून टाकता येत नाही.

राज्यांच्या परस्पर वर्तनाबाबत संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये अकरा संकेत मांडले. शांततेच्या काळात दुसऱ्या देशाच्या जीवनावश्यक यंत्रणांना इजा करू नये, हा त्यांतील सर्वाधिक उद्धृत होणारा आणि सर्वाधिक मोडला जाणारा संकेत. त्यापेक्षा कमी चर्चिले गेलेले दोन संकेत येथे अधिक लक्षणीय ठरतात. एक असा की कोणत्याही देशाने दुसऱ्याच्या आपत्काल पथकाला लक्ष्य करू नये आणि आपल्या पथकाचा उपयोग हल्ल्यासाठी करू नये. दुसरा असा की प्रणालींतील सापडलेल्या त्रुटी जबाबदारीने कळवाव्यात. या दुसऱ्या संकेताच्या मुळावर येणारी लालूच प्रत्येक मोठ्या गुप्तचर संस्थेला असते. निर्मात्यालाही ठाऊक नसलेल्या त्रुटीला ‘झिरो-डे’ म्हणतात, कारण दुरुस्तीसाठी त्याला एकही दिवस मिळालेला नसतो. अशी त्रुटी हाती लागली की ती कळवून सर्वांना सुरक्षित करायचे की दडवून हेरगिरीसाठी वापरायची, असा पेच पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विंडोज प्रणालीतील अशी एक त्रुटी दडवून तिच्यावर ‘इटर्नलब्लू’ हे साधन बनवले होते. ते चोरीला गेले, एप्रिल २०१७ मध्ये जगजाहीर झाले, मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर हल्ल्याने त्याच्या जोरावर ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले, आणि जूनमध्ये तेच नॉटपेट्याच्या पोटात आढळले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ती वेळेत न बसवणाऱ्यांचा दोष आहेच. दडवणाऱ्यांचा त्याहून मोठा आहे.

भारताने कबुलीची सक्ती कायद्याने केली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती कळवणे बंधनकारक आहे, यंत्रणेतील हालचालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, आणि सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवावी लागतात. घड्याळांची अट किरकोळ वाटेल, पण दहा यंत्रांच्या नोंदी एकमेकींशी ताडून हल्ल्याचा मार्ग शोधताना दोन मिनिटांच्या फरकानेही क्रम उलटा लागतो. सहा तासांची मुदत मात्र विवाद्य आहे. युरोपीय संघाच्या ‘एनआयएस-२’ निर्देशात २४ तासांत पहिली सूचना, ७२ तासांत तपशील आणि महिन्याभरात अंतिम अहवाल, अशा पायऱ्या आहेत. आग अजून धुमसत असताना सहा तासांत जे लिहिले जाते ते बहुधा वकिलाने तपासलेले मोघम निवेदन असते, आणि नियम पाळल्याचे समाधान दोन्ही पक्षांना मिळून माहिती मात्र हाती येत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. पीडित संस्थांनी सरकारला सर्व काही सांगावे आणि सरकारने त्यावर काय केले हे कोणी विचारू नये, अशा एकतर्फी रचनेत लोक कळवतील ते केवळ दंडाच्या धाकाने.

याउलट वागणे शक्य असते, आणि ते राज्यसंस्थेला महागात पडतेच असे नाही, हे एस्टोनियाच्याच २०१७ मधील ओळखपत्र-प्रकरणातून दिसते. तेथील ओळखपत्रात एक चिप असते आणि तिच्यातील गुप्त किल्लीने नागरिक सही करतो, औषधचिठ्ठी मिळवतो, मतदान करतो. किल्ली जोडीने असते : एक भाग जगजाहीर, दुसरा चिपबाहेर कधीही न येणारा. ही जोडी दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर आधारलेली असते, आणि गुणाकार ठाऊक असला तरी मूळ संख्या शोधणे व्यवहारात अशक्य असते, यावर सारी सुरक्षितता उभी असते. चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांसह एका गटाला असे आढळले की एका प्रमुख चिप-उत्पादकाची प्रणाली या मूळ संख्या पुरेशा यदृच्छेने निवडत नाही, त्यामुळे त्या शोधण्याचा खर्च पुष्कळ घटतो. उत्पादकाला हे फेब्रुवारीत कळवण्यात आले. एस्टोनियाला ते कळले ३० ऑगस्टला, थेट संशोधकांकडून. सुमारे साडेसात लाख ओळखपत्रे बाधित होती आणि सहा आठवड्यांवर स्थानिक निवडणुका होत्या.

५ सप्टेंबरला पंतप्रधानांनी हे स्वतः जाहीर केले. त्याच दिवशी जगजाहीर किल्ल्यांची सार्वजनिक सूची बंद करण्यात आली, कारण हल्लेखोराला सुरुवात तेथूनच करावी लागली असती. ओळखपत्रे न बदलता त्यांतील गणितच बदलून वेगळ्या, लंबवर्तुळी वक्रांवर आधारलेल्या पद्धतीकडे जाण्याची सोय तंत्रज्ञांनी दोन महिन्यांत उभी केली. चिपमध्ये ही दुसरी पद्धत आधीपासून होती म्हणून ते जमले. ऑक्टोबरात इंटरनेटवरील मतदान ठरल्याप्रमाणे झाले, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात न बदललेली प्रमाणपत्रे स्थगित झाली. अद्ययावतीकरणाची यंत्रणा गर्दीने तुंबली, पोलिस ठाण्यांत रांगा लागल्या, लोक वैतागले. पण किल्लीचा गैरवापर झाल्याचे एकही उदाहरण पुढे आले नाही. ओळखपत्रे पुरवणाऱ्या कंपनीशी सरकारचा वाद झाला. त्रुटी वेळेत कळवली नाही हा त्यातील एक आरोप होता, आणि वाद २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. त्याच २०१७ मध्ये एस्टोनियाने लक्झेंबर्गमध्ये ‘विदा-दूतावास’ स्थापन करण्याचा करार केला होता : राज्यकारभाराच्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत परदेशातील सर्व्हरवर, पण दूतावासासारख्या संरक्षणासह. भूमी गेली तरी राज्य चालावे, या विचाराला याहून स्पष्ट रूप अन्यत्र मिळालेले नाही. भारताने हे सारे जसेच्या तसे उचलावे असे कोणी म्हणणार नाही. जेथे पोलिस हा राज्यांचा विषय आहे, वीज समवर्ती सूचीत आहे आणि नागरिक हजार पटींहून अधिक आहेत, तेथे पंतप्रधानांच्या एका घोषणेने यंत्रणा हलत नाही. तरी घोषणा आणि दुरुस्ती यांचा क्रम शिकण्याजोगा आहे.

उदयोन्मुख तंत्रज्ञानाने या क्रमावरच ताण आणला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली बनावट आवाज आणि चेहरे तयार करतात, ही बाब वृत्तपत्रांतून पुरेशी गाजली आहे. संरक्षणाच्या दृष्टीने अधिक दूरगामी गोष्ट अशी की त्या आज्ञावलींतील त्रुटी शोधू लागल्या आहेत. गूगलच्या अशा एका प्रणालीने २०२४ मध्ये ‘एसक्यूलाइट’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या विदाकोशातील त्रुटी शोधली, ती कर्त्यांना कळवण्यात आली, आणि त्यांनी ती त्याच दिवशी दुरुस्त केली. हा झाला सुखद प्रकार. पण त्रुटी जाहीर होणे आणि तिचा गैरफायदा घेतला जाणे यांतील जे अंतर पूर्वी आठवड्यांनी मोजले जाई ते याच साधनांमुळे आकसत जाणार, आणि दुरुस्ती बसवण्याचा वेग मात्र रुग्णालयाच्या वा नगरपालिकेच्या संगणक विभागातील माणसांच्या संख्येवरच अवलंबून राहणार.

पुंज-संगणकाचा धोका वेगळ्याच जातीचा आहे. गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की पुंजभौतिकीच्या तत्त्वांवर चालणारा पुरेसा मोठा संगणक मूळ संख्या शोधण्याचे ते अशक्य काम शक्य करील, आणि एस्टोनियाने ज्या लंबवर्तुळी वक्रांचा आश्रय घेतला तेही त्यापुढे टिकणार नाहीत. असा संगणक अजून अस्तित्वात नाही. पण आज गुप्त लिपीत असलेली माहिती चोरून साठवायची आणि यंत्र तयार झाले की उलगडायची, हा उद्योग कोणत्याही सुसज्ज राज्यसंस्थेला परवडणारा आहे, आणि राजनैतिक पत्रव्यवहार, लष्करी आराखडे किंवा नागरिकांच्या जैविक नोंदी वीस वर्षांनंतरही मौल्यवानच असतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने पुंज-संगणकापुढेही टिकतील अशा गणितांची पहिली तीन मानके ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आणि तेथील सरकारने अशा गणितांकडे स्थलांतरासाठी २०३५ हे लक्ष्य धरले आहे. भारताने २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांचे राष्ट्रीय पुंज अभियान मंजूर केले.

या ग्रंथाने जे सूत्र धरले आहे त्याची मर्यादाही येथेच लागते. घटना लक्षात आल्यापासून सहा तास, असे कायदा म्हणतो. आज चोरलेली आणि पंधरा वर्षांनी उलगडणारी माहिती कधी लक्षात आली असे धरायचे? ज्याला आपण लुटले गेलो हे ठाऊकच नाही, तो कबुली कशाची देणार? अशा ठिकाणी झालेल्या आघाताऐवजी स्वतःची दुर्बलता आधी मोजावी आणि ती संबंधितांना सांगावी, एवढाच मार्ग उरतो. सर्ट-इनने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत संस्थांना आपल्या प्रणालींत कोणती गूढलेखन-पद्धती कोठे वापरली आहे याची सूची ठेवण्यास सुचवले आहे, ते याच दिशेचे पाऊल. ही सूची करू गेल्यास बहुतेक संस्थांना प्रथम कळेल ते हे की आपल्याकडील निम्मी यंत्रे कोणी, कधी आणि कोणत्या किल्ल्यांसह बसवली याची नोंदच नाही. शेवटच्या भागातील प्रकरणे या नोंदी कशा उभाराव्यात याविषयी आहेत.